समुद्राकाठच्या घराला गॅरेजचा दरवाजा: पत्र्याचं सोडा, आधी बिजागऱ्या बघा

गॅरेजचा दरवाजा बदलायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो रंगावरून. आमच्याकडेही तेच झालं. नवऱ्याला लाकडासारखा दिसणारा हवा होता, लेकीला काळपट ग्रे, आणि सासऱ्यांचं म्हणणं एवढंच की जुना होता तसाच आणा, उगाच प्रयोग नकोत. सगळे मोबाईलवर फोटो बघत बसलेले आणि एकानेही विचारलं नाही की जुना दरवाजा नक्की मेला कशाने. कारण बाहेरून बघितलं तर तो अजूनही बरा दिसत होता, रंग थोडा उडालेला, खालच्या कडेला दोन-चार गंजाचे डाग, बास. मेलं होतं ते आतलं सगळं. खालच्या कोपऱ्यातला ब्रॅकेट, ज्याला केबल अडकवलेली असते, तो बोटाने दाबला तर पापुद्रे निघत होते, रोलर फिरायचे थांबून ट्रॅकमध्ये नुसते घासत होते आणि केबलच्या तारा एकेक करून सुटायला लागल्या होत्या. पत्रा ठणठणीत!

म्हणून ही पोस्ट. समुद्राजवळ राहणाऱ्या कुणी दरवाजा घ्यायला निघालं असेल तर माझं म्हणणं एकच आहे, पत्र्यावर जेवढा वेळ घालवताय त्याच्या दुप्पट वेळ बिजागऱ्या, रोलर, ट्रॅक, स्क्रू, स्प्रिंग यांच्यावर घालवा. शोरूममध्ये हे सामान कुणी आपणहून दाखवत नाही, मागून घ्यावं लागतं.

आता असं उलटं का होतं, बाहेरचं टिकतं आणि आतलं सडतं, हे मलाही आधी कोड्यात टाकणारं होतं. नंतर वाचलं तेव्हा उलगडलं. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अगदी बारीक कण येतात आणि सगळ्यावर बसतात, आत पण आणि बाहेर पण. बाहेरच्या बाजूचं मीठ पाऊस धुऊन नेतो. आतल्या बाजूला पाऊस पोचतच नाही, त्यामुळे तिथे थरावर थर चढत जातो. आणि मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं हे आपल्याला डब्यातल्या मिठावरूनही माहीत असतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर साधारण ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. म्हणजे आपल्याला हवा कोरडी वाटते त्या दिवशीसुद्धा बिजागरीच्या सांध्यात ओलावा असतोच. आमच्या जुन्या ट्रॅकच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं तर बोटाला चिकट राखाडी काहीतरी लागायचं, धूळ म्हणावी तर धूळ नाही, ग्रीस म्हणावं तर ग्रीस नाही. मीठ, बारीक वाळू आणि जुनं तेल यांचा तो काला होता आणि रोलर वर्षानुवर्षं त्यातून फिरत होते. ज्यांच्या गॅरेजपुढे मोठं छज्जा आहे त्यांनी तर जास्तच लक्ष द्या, कारण छज्ज्याखालच्या दरवाजालाही पाऊस लागत नाही, म्हणजे धुतला जाणं नाही. आपल्याला वाटतं छज्जा आहे, दरवाजा जपला जाईल, आणि गंजाच्या बाबतीत होतं बरोब्बर उलटं.

मग मटेरियल. इथे मी जरा आकड्यांत शिरले, कारण प्रत्येक विक्रेता आपला तोच सगळ्यात टिकाऊ असं सांगत होता आणि कुणाचं खरं मानायचं कळेना. हवा धातूला किती खाते याचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, आयएसओ ९२२३, त्यात सी१ पासून सी५ पर्यंत आणि त्याच्याही वर सीएक्स असे सहा वर्ग आहेत. लाटांचा तुषार जिथे जाणवतो अशी घरं सहज सी५ मध्ये बसतात. या सी५ हवेत नुसतं, काहीही न लावलेलं पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं आणि जस्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन. आता गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यावर झेड२७५ असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. भागाकार करून बघा. वरचा रंग जिथे खरवडला गेला, कापलेली कड जिथे उघडी राहिली, तिथलं जस्त अडीच ते पाच वर्षांत संपणार आणि मग खालचं पोलाद उघडं पडणार. रंग शाबूत असेल तोवर काही नाही, पण दरवाजाला भोकं पाडली जातात, स्क्रू मारले जातात, मुलं सायकल आपटतात. म्हणून गॅल्व्हनाइज्ड पोलाद अगदीच वाईट असं नाही, समुद्रापासून थोडं आत असाल आणि कडा नीट रंगवलेल्या असतील तर चालतं, पण लाटांचा आवाज घरात येत असेल तर मी नाही घेणार.

लाकूड सुंदर दिसतं यात वाद नाही, पण ते ओलाव्याने फुगतं, उन्हाने आकसतं आणि वजनाला जड, म्हणजे स्प्रिंगही जड. वर दर काही काळाने पॉलिश किंवा सीलर, खालच्या कडेला तर विशेष, कारण पाणी तिथूनच शोषलं जातं. नवऱ्याला विचारलं, पॉलिश कोण करणार? विषय तिथेच मिटला. फायबरग्लास गंजत नाही हा मोठा गुण, मात्र उन्हाने पिवळट पडत जातं आणि जुनं झालं की ठिसूळ होतं. पीव्हीसीचं पण साधारण तसंच, आणि त्यात गडद रंग घेतला तर उन्हात तापून वाकण्याची भीती.

आम्ही शेवटी ॲल्युमिनियमवर आलो. ॲल्युमिनियम लाल गंजत नाही म्हणजे त्याला काहीच होत नाही असं मात्र नाही. मिठाच्या हवेत त्यावर बारीक खड्डे पडतात, पांढरी भुकटी दिसायला लागते. म्हणून वरचं कोटिंग महत्त्वाचं. ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा कडक थर तयार केलेलं घेत असाल तर तो थर २५ मायक्रॉनचा मागा, १० किंवा १५ चा आतल्या फर्निचरला ठीक. रंगीत हवं असेल तर साध्या पावडर कोटिंगपेक्षा ७० टक्के पीव्हीडीएफ रेझिन (उन्हाला टिकणारं एक प्लास्टिक) असलेला रंग जास्त टिकतो, त्याचं जे कडक अमेरिकन मानक आहे, आमा (AAMA) २६०५, त्यात नमुने दक्षिण फ्लोरिडाच्या उन्हात १० वर्षं ठेवून रंग किती उडतो ते बघतात. आणि पत्र्याची जाडी. पातळ ॲल्युमिनियमला बॉल लागला तरी पोचा पडतो आणि तो निघत नाही. शोरूममध्ये पॅनेल मधोमध अंगठ्याने दाबून बघा, आत-बाहेर टपटप आवाज करत असेल तर सोडून द्या.

गुंडाळणारं शटर घ्यावं की तुकड्या-तुकड्यांचं वर सरकणारं सेक्शनल, यावरही घरात चर्चा झाली. शटरला छताखाली जागा लागत नाही हे खरं, पण त्याच्या पट्ट्या एकमेकींत जिथे अडकतात त्या वळणांत मीठ साठतं आणि तिथे ना फडकं पोचतं ना पाणी, आणि वर गुंडाळून ठेवलं की ओली पट्टी ओल्या पट्टीवर दाबून बसते. सेक्शनलचं निदान प्रत्येक सांधा डोळ्याला दिसतो. आमच्याकडे वर जागा होती, सेक्शनल घेतलं. आत फोम भरलेलं पॅनेल असेल तर तळाला पाणी निचरायची भोकं आहेत ना हे बघा, नाहीतर आत शिरलेलं पाणी तिथेच कुजत बसतं.

आता वारा. मीठ दरवाजा हळूहळू संपवतं, वारा एका रात्रीत. गॅरेजचा दरवाजा म्हणजे बहुतेक घरांतलं सगळ्यात मोठं भोक, त्यावर सगळ्यात पातळ झाकण. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडात आलं, त्यानंतर पडलेल्या घरांची जी पाहणी झाली त्यात पुन्हा पुन्हा हे दिसलं की आधी गॅरेजचा दरवाजा आत दबला, वारा घरात घुसला, आतून छताला वर ढकलायला लागला, बाहेरून वारा छताला वर ओढतच होता, आणि छत गेलं. दरवाजा गेला म्हणून घर गेलं. तिथले बांधकामाचे नियम १९९४ मध्ये बदलले ते याच अनुभवावरून, आणि आज वादळाला तोंड देणारा दरवाजा म्हणून जे काही विकलं जातं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे आहे.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे, वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं, उत्तर येतं चौरस मीटरला न्यूटनमध्ये. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर, वर्ग २५००, गुणिले ०.६ म्हणजे १५००, म्हणजे साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलोचा रेटा. दोन गाड्यांचा ५ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटरच्या आसपास उंच दरवाजा धरला तर ११ चौरस मीटर होतात, म्हणजे सगळं मिळून दीड टनाच्या वर. आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लक्षात आल्यावर मी जरा गप्प झाले. इंजिनियर लोक याला उंची, कोपरे, आजूबाजूची मोकळी जागा असे आणखी गुणक लावतात, तर खरा आकडा त्यांच्याकडूनच घ्यावा, पण विक्रेत्याशी बोलायला एवढं पुरतं. त्याला विचारायचं, हा दरवाजा या मापात किती पास्कल (म्हणजे चौरस मीटरला तेवढेच न्यूटन) दाबाला टेस्ट केलाय, आत ढकलणारा आणि बाहेर ओढणारा दोन्ही? 'या मापात' हे शब्द विसरू नका. छोट्या दरवाजाचं सर्टिफिकेट मोठ्याला चालत नाही.

हा सगळा रेटा जातो कुठे, तर पॅनेलवरून आडव्या पट्ट्यांवर, तिथून बिजागऱ्या आणि रोलरवर, रोलरवरून ट्रॅकवर, ट्रॅकवरून ब्रॅकेटवर आणि शेवटी भिंतीतल्या अँकर बोल्टवर. यातलं एक जरी कच्चं असेल तर बाकी सगळं भारी असून काय उपयोग? म्हणून वाऱ्याचा दरवाजा म्हणजे जाड पत्रा नव्हे, तर प्रत्येक पॅनेलला मागून आडवी पट्टी, कडांना दुहेरी बिजागऱ्या, लांब दांड्याचे रोलर, जाड ट्रॅक आणि जवळजवळ लावलेले ब्रॅकेट. खिडक्यांचा हट्ट असेल तर त्या काचाही वाऱ्याबरोबर उडून येणारं सामान झेलणाऱ्या हव्यात. आम्ही खिडक्या काढूनच टाकल्या.

विक्रेत्यांचे किस्से सांगायचे तर वेगळी पोस्ट होईल, पण दोन सांगतेच. एकाने खिशातून लोहचुंबक काढलं, बिजागरीला लावलं, चिकटलं नाही, आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "बघा ताई, ३१६ आहे, मरीन ग्रेड." आता चुंबक ३०४ स्टेनलेसलाही सहसा चिकटत नाही. आणि वाकवलेल्या, ठोकलेल्या तुकड्याला ३०४ असलं तरी थोडं चिकटू शकतं. ३०४ आणि ३१६ मधला फरक आहे तो मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं आणि मिठाने पडणाऱ्या खड्ड्यांना तेच अडवतं. हे चुंबकाने कळत नाही, मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवरून कळतं, किंवा मॉलिब्डेनम ओळखणारं ड्रॉप टेस्टचं किट मिळतं त्याने. मी म्हटलं, "दादा, ३०४ चा एक तुकडा असेल ना तुमच्याकडे, त्यालाही लावून दाखवा." त्यांनी चुंबक परत खिशात ठेवलं.

दुसऱ्याचा भर होता 'हजार तास सॉल्ट स्प्रे पास' यावर. ती टेस्ट म्हणजे बंद पेटीत ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा सतत. सतत! आपल्याकडे ओलं होतं, सुकतं, ऊन लागतं, परत ओलं होतं, आणि गंजाला असली आलटून-पालटून हवा जास्त मानवते. त्यामुळे हजार तास म्हणजे अमुक वर्षं असं गणित होत नाही, दोन कोटिंगांची आपापसात तुलना करायला ते ठीक आहे एवढंच. वॉरंटीचे कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बऱ्याच वॉरंटीत बारीक अक्षरात असतं की किनाऱ्यापासून अमुक अंतराच्या आत असाल तर गंज यात धरलेला नाही, किंवा दरवाजा ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुतला नसेल तर वॉरंटी बाद. म्हणजे ज्याच्यासाठी वॉरंटी हवी तेच नेमकं वगळलेलं. आम्ही ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडून घराचं समुद्रापासूनचं अंतर वॉरंटीच्या कागदावरच लिहून घेतलं, सही-शिक्क्यासकट. थोडी कुरकुर झाली, दिलं पण.

सामानाच्या यादीत शेवटी काय काय आलं तर बिजागऱ्या, ब्रॅकेट आणि सगळे स्क्रू ३१६ चे, रोलर नायलॉनचे पण बेअरिंग सीलबंद आणि दांडा स्टेनलेसचा, केबल स्टेनलेसची, ट्रॅक ॲल्युमिनियमचा जाड. रोलर घेताना नुसतं नायलॉन बघून खूश होऊ नका, आतलं बेअरिंग उघडं असेल तर मीठ थेट तिथेच जातं.

स्प्रिंगचं मात्र जमलं नाही मनासारखं. आमच्या वजनाला लागणाऱ्या मापात स्टेनलेसची मिळेना, म्हणून कोटिंग केलेली घेतली. दरवाजाच्या वर आडव्या दांड्यावर जी टॉर्शन स्प्रिंग असते ती साधारण १०,००० वेळा उघडझाप धरून बनवलेली असते. दिवसाला चार वेळा धरलं तर वर्षाला १४६०, म्हणजे सातेक वर्षं. पण हे आकडे स्वच्छ तारेचे. तारेवर गंजाचा एक बारीक खड्डा पडला की चीर तिथूनच सुरू होते आणि स्प्रिंग त्याच्या खूप आधी तुटते. उपाय म्हणजे जास्त उघडझापींची, २५,००० च्या आसपासची मागायची, तीच उचल पण तारेवरचा ताण कमी, कारण तार जाड आणि लांब असते. खर्चात फार फरक पडत नाही त्या मानाने, आणि तुटल्यावर जो ताप होतो तो बघता मी इथे हात आखडता घेणार नाही.

एक भानगड जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती ती म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. ॲल्युमिनियमच्या पॅनेलमध्ये स्टेनलेसचा स्क्रू असेल तर स्क्रू चकाचक राहतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी जमते. पॅनेल मोठं आणि स्क्रू छोटा असल्याने ते हळू होतं, उलटं असेल, म्हणजे मोठ्या स्टेनलेस पट्टीत ॲल्युमिनियमचं रिव्हेट, तर रिव्हेटचं काही खरं नाही. उपाय स्वस्त आहे, मध्ये नायलॉनचा वॉशर आणि स्क्रूच्या दांड्यावर थोडं सीलंट. आणि ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटलाही सहन करत नाही, त्यामुळे ट्रॅकचा अँगल आणि प्लास्टर यांच्यात बिटुमेनची पट्टी.

हे सगळं फिटरकाकांना सांगितल्यावर त्यांचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं, "ताई, एवढं कुणी करत नाही." मी म्हटलं, "काका, वॉशरची पिशवी मी आणून ठेवलीय, तुम्ही फक्त लावा." मग हसले आणि लावले, अगदी एकेक. खरं तर फार नीटस काम करणारा माणूस, फक्त त्यांना सवय आत गावातल्या घरांची.

जुना दरवाजा काढताना एक गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगते, स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. व्हिडिओ बघून तर अजिबात नाही. त्या स्प्रिंगमध्ये अख्ख्या दरवाजाचं वजन उचलायची ताकद पिळून भरलेली असते आणि तिचे स्क्रू गंजलेले असतात. काकांनी दोन पोलादी सळ्या आळीपाळीने घालत पीळ एकेक पाव फेरी उतरवला, तेवढा वेळ आम्हाला कुणाला आत पाय ठेवू दिला नाही. खालच्या कोपऱ्यातल्या त्या पापुद्रे निघणाऱ्या ब्रॅकेटलाही पीळ पूर्ण उतरल्यावरच हात लावला, कारण केबलचा ताण त्याच्यावरच असतो.

चौकट निघाली आणि खरं घोडं तिथे अडलं. डाव्या खांबाच्या कडेला प्लास्टरमध्ये उभी बारीक चीर होती, ती इतके दिवस अँगलच्या मागे लपलेली. काकांनी हातोडीच्या मागच्या बाजूने टकटक केलं तर पोकळ आवाज. छिन्नीने जरा खरवडलं तर कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा तुकडाच निघाला आणि आत तपकिरी, फुगलेली सळई. मिठाचा क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत जातो, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. आता या खांबात अँकर बोल्ट मारून त्यावर दीड टनाचा हिशोब करायचा का? काम थांबवलं. खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढलं, सळई चकचकीत होईपर्यंत घासली, गंजरोधक लावलं, दुरुस्तीचं मॉर्टर भरलं आणि ते पुरतं पक्कं होईपर्यंत वाट बघितली. तेवढे दिवस गॅरेजला प्लायवुड ठोकून ठेवलेलं, गाडी बाहेर, सासरे रोज विचारणार, झालं का. पण तुमच्या फिटरने जुनी चौकट काढल्यावर टकटक न करताच ड्रिल सुरू केलं तर त्याला थांबवा, एवढं नक्की सांगेन.

बसवायला सुरुवात झाली की पहिलं माप कर्णाचं. उघड्या जागेचे दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर चौकट तिरकी आहे, मग दरवाजा वर एका बाजूला घासणार आणि खाली एका बाजूला फट राहणार. सगळ्यात खालचं पॅनेल आधी, लेव्हल लावून, खाली पाचर घालून, जमीन कशीही असली तरी पॅनेल आडव्या रेषेत. मग एकावर एक बाकीची, मग ट्रॅक, मग वरचा दांडा, ड्रम, केबल, स्प्रिंग. मोटर सगळ्यात शेवटी.

दोन गोष्टी कामाच्या गडबडीत निसटतात. एक, ग्राइंडर. जुनी चौकट कापताना ज्या ठिणग्या उडतात त्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण, ते नव्या स्टेनलेसवर जाऊन रुततात आणि काही दिवसांत तिथे गंजाचे ठिपके उमटतात, मग आपण म्हणतो माल खोटा. नवं सामान झाकून ठेवा किंवा कापाकापी संपेपर्यंत खोक्यातून काढूच नका. दुसरी गोष्ट स्टेनलेसच्या नट-बोल्टची. इम्पॅक्ट गनने जोरात फिरवलं की नट अर्ध्या वाटेवर असा जाम होतो की पुढे जात नाही आणि मागे येत नाही, दोन्ही आटे एकमेकांना चिकटून वेल्ड झाल्यासारखे बसतात. आमचे काही बोल्ट असे कापावे लागले. नंतर आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावून हाताने पान्याने फिरवले, वेळ लागला पण एकही अडकला नाही.

मोटरबद्दल थोडक्यात. साखळीची नको, पट्ट्याची घ्या, साखळी गंजते. सर्किट बोर्डाचं झाकण जितकं बंदिस्त तितकं चांगलं, आणि बॅटरी बॅकअप हवाच, कारण वादळात वीज आधी जाते. खाली जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या आत दोन बाजूंना जे फोटो सेन्सर असतात, मध्ये मूल किंवा मांजर आलं तर दरवाजा परत वर नेणारे, ते काही ठिकाणी अजूनही 'ऑप्शनल' म्हणून विकतात. अमेरिकेत घरगुती मोटरला अडकण्यापासून वाचवणारी अशी यंत्रणा १९९३ पासून सक्तीची आहे, तर आपणही ती ऑप्शनल समजू नये. किनाऱ्यावर त्यांची अडचण एवढीच की काचेवर मिठाचा धुरकट थर बसतो आणि दरवाजा खाली येता येता उगाच परत वर जातो. लोक लगेच मोटरवाल्याला फोन लावतात. आधी ओल्या फडक्याने काच पुसा.

वायफाय, ॲप वगैरे आहे. लेक वापरते.

आता देखभाल, जी खरं म्हणजे फार नाही पण करावी लागते. गोड्या पाण्याने दरवाजा धुवायचा, बाहेरून तर धुवाच पण ओल्या फडक्याने आतल्या बिजागऱ्या आणि ट्रॅक जास्त मन लावून पुसा. प्रेशर पंप नको, तो पाणी आणि मीठ सीलच्या आत ढकलतो. ट्रॅकला ग्रीस लावायचं नाही, हे कितीही चुकीचं वाटलं तरी नाही, कारण ग्रीसला वाळू चिकटते आणि पुढे सगळा सँडपेपर होतो. ट्रॅक कोरडा आणि स्वच्छ. तेल द्यायचं ते बिजागरीच्या सांध्याला, स्प्रिंगला, आणि तेही सिलिकॉनचं हलकं. तळाच्या रबराला पण सिलिकॉन, नाहीतर ते उन्हाने जमिनीला चिकटतं आणि सकाळी फाटतं. ३१६ च्या स्क्रूंवर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग दिसायला लागला तर घाबरू नका, वरवरचं असतं ते, नायलॉनच्या घासणीने निघतं. लोखंडी काथ्याने घासलं तर मात्र तेच ठिणग्यांसारखं होतं, लोखंड मागे राहतं.

आणि अधूनमधून बॅलन्स बघायचा. दरवाजा पूर्ण बंद असताना मोटरची लाल दोरी ओढून दरवाजा मोटरपासून सोडवायचा, हाताने अर्ध्यावर उचलायचा आणि हळूच सोडून बघायचा. तिथेच थांबला तर स्प्रिंग ठीक. खाली येत असेल तर स्प्रिंग थकत चालली आहे आणि मोटर तिचं ओझं वाहते आहे, फिटरला बोलवा. स्प्रिंग तुटलेली असेल आणि दरवाजा वर उघडा असेल तर ती लाल दोरी चुकूनही ओढू नका, अख्खा दरवाजा धाडकन खाली येतो.

स्प्रिंग बसवल्यावर काकांकडून मी तिच्या तारेची जाडी, आतला व्यास, एकूण लांबी आणि पीळ डावा की उजवा, एवढं मागून घेतलं आणि मोटरच्या स्विचशेजारी भिंतीवर मार्करने लिहून ठेवलं. स्प्रिंग तुटते तेव्हा तुकड्यांवरून हे माप काढताना चुका होतात, आणि चुकीच्या मापाची बसली की परत सगळं उतरवा. भिंतीवर लिहिलेलं वाईट दिसतं असं नवऱ्याचं म्हणणं आहे. दिसू दे.